स्केटबोर्डिंगचे फोटो काढायचेत? आधी टेलचा आवाज ऐका

स्केटपार्कवर कॅमेरा घेऊन येणाऱ्या नव्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई कोणता कॅमेरा घेऊ? माझं उत्तर पण ठरलेलंय, आहे तो चालतोय, एक संध्याकाळ तो बॅगेतच राहू दे आणि कठड्यावर बसून नुसतं बघ. हे कुणालाच आवडत नाही. पण ज्याला ट्रिक कळत नाही त्याला बटण कधी दाबायचं तेही कळत नाही, आणि मग तो सेकंदाला वीस फ्रेमचा बर्स्ट मारून, म्हणजे बटण दाबून धरून धडाधड फोटो काढून, घरी जाऊन हजार फोटो उपसत बसतो.

बघायचं काय, तर पाय. ओली घ्या, म्हणजे हात न लावता बोर्डसकट मारलेली उडी, सगळ्याच्या मुळाशी तीच आहे. मागचा पाय टेलवर, म्हणजे बोर्डच्या मागच्या वळलेल्या टोकावर, आपटतो, टेल जमिनीला लागते, टॅक असा आवाज येतो, पुढचा पाय ग्रिपटेपवर (बोर्डवरचा खरखरीत कागद) घासत वर सरकतो आणि बोर्ड पायाखाली सपाट होऊन वर येतो. किकफ्लिपमध्ये हेच, फक्त पुढचा पाय कडेला झटका देऊन बाहेर जातो, बोर्ड स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतो आणि स्केटर तो वरच्यावर पायांनी पकडतो. त्याला कॅच म्हणतात. काही जणांना बोर्ड उलटा असतानाचा फोटो आवडतो कारण खालचं ग्राफिक दिसतं, मला मात्र कॅचचा आवडतो, पाय नुकते बोर्डच्या बोल्टवर टेकलेत आणि अंग अजून वर आहे असा. यावर पार्कात भांडणं होतात, होऊ देत.

आता तो टॅक आवाज, माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच. हिशोब साधा आहे. बोर्ड आणि माणूस साधारण ४५ सेंमी वर गेले तर वर पोचायला ०.३ सेकंद लागतात. आवाज ऐकून बोट दाबायला माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात, त्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा थोडा उशीर. म्हणजे आवाजावर बटण दाबलं तर फोटो जवळजवळ टोकालाच येतो, जिथे वर जाणं थांबलंय आणि खाली येणं सुरू झालेलं नाही. छोटी उडी असेल, २० सेंमीची वगैरे, तर ०.२ सेकंदातच टोक येतं, मग आवाजाची वाट बघत बसलात तर उशीर झालाच, तिथे मागचा गुडघा वाकून दाब द्यायला लागला की बोट हलवायचं. डोळ्याला हे लवकर जमत नाही, कानाला जमतं. म्हणून हेडफोन काढून ठेवा.

बर्स्ट वापरूच नका असं नाही म्हणत मी. सीक्वेन्स करायचा असेल, म्हणजे एकच ट्रिक सहा-सात तुकड्यांत एका फ्रेममध्ये जोडून दाखवायची असेल, तर ट्रायपॉड लावून बर्स्टच लागतो. पण एकच फोटो हवा असेल तर एकच क्लिक मारायची सवय लावा, टायमिंग त्यानेच सुधारतं.

शटर स्पीडचं, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं त्याचं, बोलू. १/२५० ला माणूस स्थिर येतो आणि बोर्ड पुसल्यासारखा येतो, आणि नवीन लोकांना वाटतं फोकस चुकला. फोकस नाही चुकलेला. आठ इंच रुंद बोर्डची कड किकफ्लिपमध्ये सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने फिरते, म्हणजे १/२५० सेकंदात ती आठेक मिलिमीटर सरकून गेलेली असते. १/१००० ला तेच दोन मिलिमीटर होतं, जे डोळ्याला टोचत नाही. त्यामुळे उन्हात १/१००० च्या खाली जाऊ नका, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढला तर वाढू दे, ग्रेन (फोटोतले दाणे) चालतो पण ब्लर झालेली चाकं चालत नाहीत. पॅनिंग करणार असाल तर वेगळी गोष्ट, तिथे १/३० ते १/६० ठेवून कॅमेरा स्केटरबरोबर फिरवायचा, नुसता पुश करत जाणारा माणूस त्यात भारी दिसतो.

आणि फ्रेम. स्केटर बघताना हे बघतात की तो कुठून आला आणि कुठे उतरणार. हवेतला माणूस टाइट क्रॉप केला तर तुमच्या मावशीला आवडेल, पण स्केटर विचारेल पायऱ्या कुठेत? पाच पायऱ्यांवरून उडालाय तर पाचही दिसल्या पाहिजेत, लेज ग्राइंड करतोय, म्हणजे कठड्याच्या कडेवर ट्रक (चाकं बसवलेले धातूचे भाग) घासत जातोय, तर लेजचं टोक दिसलं पाहिजे. ग्राइंडला टायमिंग तसं सोपं, दोन्ही ट्रक लेजवर नीट बसले की दाबा, तो काही लगेच पळून जात नाहीये.

फिशआय, म्हणजे खूप रुंद दाखवणारी, कडा वाकवणारी लेन्स, घ्यायची सगळ्यांना घाई असते. क्रॉप सेन्सरसाठी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवाला कॅमेरा) सॅमयांगची ८ एमएम मॅन्युअल फोकसवाली सेकंडहँड शोधा, पुरते. अ‍ॅपर्चर एफ ८ ला फोकस एक मीटरवर ठेवला की हातभर अंतरापासून मागच्या बिल्डिंगपर्यंत सगळं शार्प, ऑटोफोकसची कटकटच नाही. पण फिशआय म्हणजे जवळ जायचं, अगदी जवळ, कॅमेरा जमिनीला टेकवून. लांबून मारली तर स्केटर मुंगीएवढा. आणि जवळ गेलात की बोर्ड कधीतरी लेन्सवर येणारच, पुढची काच फुगीर असल्यामुळे साधा फिल्टर लावता येत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या की बोर्ड सुटला तर साधारण कुठल्या बाजूला जातो. स्केटरला बरोबर माहीत असतं. एवढं जवळ बसायचं नसेल तर ७०-२०० एमएमची झूम लेन्स घेऊन बाजूने उभे राहा, रेल (दांडा) आणि लेजवर तीच जास्त शोभते. फोन असेल तर अल्ट्रावाइड आणि प्रो मोडमध्ये १/१०००, दिवसा खरंच चांगले येतात.

प्रकाशाचं म्हणाल तर आपल्याकडे दुपारचं ऊन बेकार, चेहऱ्यावर टोपीची सावली आणि काँक्रीट पांढरंफटक. मुंबईत कार्टर रोडला समुद्र पश्चिमेला आहे, त्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून काढलं तर सूर्य स्केटरच्या मागे येतो, सिलुएट, म्हणजे नुसती काळी आकृती, फुकटात मिळतो, फक्त हातपाय अंगाला चिकटलेले नकोत नाहीतर नुसता काळा गोळा दिसतो. खारी हवा असते, लेन्स पुसायचं कापड जवळ ठेवा.

अंधार पडल्यावर फ्लडलाइटमध्ये एक फोटो उजळ, पुढचा काळपट पिवळा येतो आणि लोक कॅमेरा सर्व्हिसला टाकतात. अहो आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, १/१००० ला तुम्ही त्यातला एखादाच तुकडा पकडता. कॅमेऱ्यात अँटीफ्लिकर (हे लुकलुकणं टाळणारी सोय) असेल तर चालू करा, नाहीतर फ्लॅश. दोन जुन्या स्पीडलाइट (सुटे फ्लॅश) आणि स्वस्त रेडिओ ट्रिगर, एक समोरून तिरका, एक मागून. पॉवर १/८ किंवा १/१६, कारण फुल पॉवरला फ्लॅश जास्त वेळ पेटतो आणि कमी पॉवरला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात विझतो, बोर्ड गोठवतो तो फ्लॅश, शटर नाही. शटर सिंकवर, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वात जलद स्पीडवर, १/२०० किंवा १/२५०, आणि बाकीचा उजेड दोनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) खाली, नाहीतर स्केटरच्या मागे भूत, म्हणजे पुसट दुसरी आकृती, दिसतं. आणि उतरतानाच्या जागेकडे बघणाऱ्या डोळ्यांत फ्लॅश मारू नका, माणूस पडतो त्याने.

एक अलिखित नियम सांगते. ट्रिक लँड झाली नाही, म्हणजे स्केटर बोर्डवर नीट उतरला नाही, तर तो फोटो कितीही भारी असला तरी बाहेर टाकायचा नाही. फोटोत कळत नाही, पण पार्कात सगळ्यांना माहीत असतं, आणि स्केटरचंच नाव खराब होतं. त्यामुळे फोटो मिळाला म्हणून निघून जायचं नाही, तो लँड करेपर्यंत थांबायचं, कधी अर्धा तास, कधी अंधार पडेपर्यंत. पडल्याचे फोटो त्याला विचारूनच.

पैशाचं आता. नुसत्या स्केट फोटोग्राफीवर भाडं निघत नाही, माझंही लग्नं आणि इव्हेंट चालूच असतात. पण २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला स्केटबोर्डिंग आलं आणि २०२२ च्या नॅशनल गेम्समध्ये पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने गोल्ड मारलं, तेव्हापासून पार्कात आईवडील येऊन बसायला लागलेत. मुलांचे स्पर्धेसाठी, स्पॉन्सरला पाठवायला फोटो हवे असतात आणि ते पैसे वेळेवर देतात, ब्रँडवाले "एक्स्पोजर" देतात. ब्रँडशी बोलताना फोटो कुठे आणि किती महिने वापरणार ते मेलवर लिहून घ्या, ॲडव्हान्सशिवाय फाइल देऊ नका. आणि मूल अठराच्या आतलं असेल तर फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी, व्हॉट्सॲपवरचा "ओके ताई" पण सेव्ह करून ठेवा, शाळेचा युनिफॉर्म किंवा बॅगेवरचं नाव दिसत असेल तर तो फोटो बाजूला.