कमी चाललेल्या गाडीतून इंजिन ऑइल गळतंय? सील बदलण्याआधी उगम शोधा

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी तपकिरी-काळा, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग दिसला तर ते इंजिन ऑइल. नितळ पाणी एसीचं, ते सोडून द्या. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी खालच्या खुणेखाली असेल तर आधी ऑइल भरा. चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘गॅरेजपर्यंत जाईल’ म्हणत चालवलेल्या गाडीची बेअरिंगं जातात.

वॉरंटी असेल तर काहीही खोलू नका. फोटो काढा, सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या.

खरी कसोटी आहे ती गळती नेमकी कुठून होते हे शोधण्यात. थेंब पडतो तिथेच गळती असेल असं धरून चालू नका. ऑइल वरून ओघळतं, चालत्या गाडीतल्या वाऱ्याने मागे सरकतं आणि भलत्याच कोपऱ्यातून टपकतं. माझ्या गाडीत ३५,००० किलोमीटरलाच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडू लागले. मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्ट इंजिनबाहेर येतो तिथली ऑइल अडवणारी रिंग) गेलं, असं ठामपणे सांगितलं गेलं. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, आठवड्यात पुठ्ठ्यावर पुन्हा डाग! गळत होतं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून, आणि ऑइल इंजिनच्या पाठीवरून खाली येत होतं. तेव्हापासून इंजिन धुतल्याशिवाय कोणी निदान केलं, तर मी ते मानत नाही.

इंजिन गार असताना अल्टरनेटर आणि कनेक्टर प्लास्टिकने झाका, डिग्रीजर (तेलकटपणा काढणारं द्रावण) मारून घासा, पूर्ण कोरडं करा. प्लास्टिक काढा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पावडरीतला सगळ्यात वरचा ओला माग शोधा. खालचे कितीही ठळक असले तरी त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. खालून बघायचं तर गाडी जॅक स्टँडच्या पक्क्या आधारावर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

नुकतंच ऑइल बदललं असेल तर आधी ड्रेन बोल्टचा वॉशर आणि फिल्टर बघा. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो.

सांध्यातलं पॅकिंग (गॅस्केट) कमी वयात गेलं असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साठणारा वायू बाहेर काढणारी झडप) तपासल्याशिवाय नवं बसवू नका. तो चोंदला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, दाब साठतो आणि ऑइल सगळ्यात कमकुवत सांध्यातून बाहेर पडतं. व्हॉल्व्ह तसाच ठेवलात तर नवं पॅकिंगही गळेल.

पॅकिंग बदलताना दोन्ही पृष्ठभाग साफ करा, बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोरानेच) आवळा. जोर लावून आवळल्याने गळती थांबत नाही, पॅकिंग चेपतं. सिलिकॉन सगळीकडे थापू नका. सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. गळती थांबवणारी औषधं ऑइलमध्ये ओतायला माझा सक्त विरोध आहे.

५०० किलोमीटरनंतर पुन्हा एक रात्र पुठ्ठा टाका.