हायब्रिड सर्च लावताय? या चुका टाळा

गोव्यातले जमिनीचे जुने-नवे कागद शोधायचे तर एकाच प्रकारच्या सर्चवर भागत नाही, शब्द जुळवणारा कीवर्ड सर्च आणि अर्थ जुळवणारा वेक्टर सर्च दोन्ही मिळून लावावे लागतात, तोच हायब्रिड सर्च. कोणी विचारतो 'भाटकार घर खाली करायला सांगतोय, काय करू', आणि ज्या कागदात उत्तर आहे तिथे १९७५ चा मुंडकार कायदा लिहिलेला (भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), शब्द एकही जुळत नाही, मग तो वेक्टर सर्चनेच सापडणार. उलट 'सर्व्हे नंबर ४५/३' विचारलं की वेक्टरवाला ४५/८ पण खुशाल वर आणतो कारण त्याला दोन्ही सारखेच वाटतात, तिथे बीएम२५ च पाहिजे, म्हणजे कीवर्ड सर्चची स्कोअर देण्याची पद्धत.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन्हीकडचे स्कोअर सरळ बेरीज करणं. बीएम२५ चा स्कोअर २५-३० पण येतो, त्याला ठरलेली वरची मर्यादा नाही, आणि कोसाइन, म्हणजे वेक्टर सर्चचा स्कोअर, कधीच १ च्या वर जात नाही, म्हणजे बेरजेत वेक्टरचं मत जवळपास शून्य. त्यापेक्षा सुरुवात आरआरएफने (रेसिप्रोकल रँक फ्युजन, दोन याद्या क्रमांकावरून मिसळणं) करा, २००९ च्या पेपरमधली साधी पद्धत आहे, स्कोअर बघायचाच नाही, फक्त नंबर कितवा ते बघायचं आणि १/(६०+नंबर) अशी बेरीज करायची. एका यादीत पहिला आणि दुसऱ्या यादीत तिसरा आलेला कागद १/६१ + १/६३ म्हणजे साधारण ०.०३२ घेतो, एकाच यादीत पहिला आलेला ०.०१६ वरच राहतो.

पण दोन्हीकडे आयडी एकच हवा हां. एकीकडे पूर्ण कागदाचा आणि दुसरीकडे त्याच्या एखाद्या तुकड्याचा असेल तर काहीच जुळत नाही आणि एरर पण येत नाही, त्यामुळे हे पटकन लक्षातच येत नाही.

तालुक्याचा फिल्टर शेवटी लावू नका. दहा निकाल आणून मग बार्देश ठेवलं तर हातात दोनच उरतात, म्हणून फिल्टर दोन्ही सर्चच्या आतच द्या.

मराठीचा वेगळा ताप आहे. म्हापसा, म्हापशात, म्हापशाहून हे कीवर्ड सर्चला तीन वेगळे शब्द, मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे पण वेगळे, आणि मजकूर शब्दांत तोडणारे बरेच डिफॉल्ट अ‍ॅनालायझर ४५/३ चे दोन तुकडे करतात, सर्व्हे नंबरसाठी वेगळी न तोडलेली फील्डच ठेवा.

एवढं करून पण निकाल वाईट येत असतील तर दोन्ही सर्चची वजनं बदलत बसू नका, आधी दोन्ही याद्या वेगवेगळ्या छापून बघा. योग्य कागद दोन्हीकडे पहिल्या पन्नासात नसेल तर बिघाड इंडेक्समध्ये नाहीतर ओसीआरमध्ये (स्कॅनवरून मजकूर वाचण्यात) आहे, मिसळण्यात नाही.