तारीख उलटली, कळा नाहीत: चाळीस आठवड्यांनंतर काय करायचं

सगळ्यात आधी फाईल काढा आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद शोधा. बाळंतपणाला नाशिकला माहेरी आलेल्यांचा नेमका हाच कागद सासरी राहिलेला असतो. फोटो मागवून घ्या. कारण 'दिवस उलटले' म्हणणाऱ्या बऱ्याच जणींची तारीखच मुळात चुकीची धरलेली असते.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, हा डॉक्टरांचा हिशोब. पाळी ५ ऑक्टोबरला आली असेल तर तारीख १२ जुलै. पण हे २८ दिवसांनी पाळी येणारीसाठी. ३५ दिवसांनी येत असेल तर तीच तारीख १९ जुलै होते. आजी 'नऊ महिने नऊ दिवस' तिथीने मोजत असतील तर ते जेमतेम २७५ दिवस भरतात, म्हणून त्यांची घाई पाच दिवस आधीच सुरू होते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख सगळ्यात भरवशाची. नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर छापलेली तारीख मशीनने बाळाच्या आकारावरून काढलेली असते. बाळ चणीने लहान असलं की ती पुढे जाते, आणि तिच्या भरवशावर थांबणं धोक्याचं.

तारीख पक्की असेल तर पहिला आठवडा सहसा काळजीचा नसतो. नेमक्या तारखेला बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाचच. मात्र ४१ आठवडे पूर्ण झाले (वरच्या उदाहरणात १९ जुलै) की कळा सुरू करून द्याव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. वार (नाळेतून बाळाला पोसणारा भाग) थकते, गर्भजल कमी होतं, बाळ पोटातच शी करतं आणि ती त्याच्या फुप्फुसात जाऊ शकते. बाळ पोटात दगावण्याचा धोका एकूणात कमीच, पण तो दर दिवसाला चढतो. स्वीडनमध्ये २,७६० बायकांवर ४१ आठवड्यांना कळा आणणं आणि ४२ पर्यंत थांबणं यांची तुलना सुरू होती. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बीपी, मधुमेह, जुळं किंवा बाळाची वाढ कमी असेल तर ४१ पर्यंतही थांबत नाहीत.

या दिवसांत दोन तपासण्या होतात, बहुधा आठवड्यातून दोनदा. पोटाला पट्टे बांधून वीस मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत आणि बाळ हललं की वाढावेत. बाळ झोपलेलं असेल तर आलेख सपाट येतो, मग चाळीस मिनिटं घेतात, तेवढ्यावरून घाबरायचं नाही. दुसरी सोनोग्राफी, पाणी मोजायला. पोटाच्या चारही भागांत मोजलेल्या पाण्याच्या खोलीची बेरीज ५ सेंटिमीटर किंवा कमी, अथवा सगळ्यात खोल जागा २ पेक्षा कमी, म्हणजे पाणी कमी. रिपोर्टवर 'वार पिकली' किंवा 'नाळेचा एक वेढा' दिसला की घरात रडारड होते. या दिवसांत दोन्ही गोष्टी नेहमीच्याच, आणि फक्त तेवढ्यासाठी सीझर लागत नाही.

तिसरी तपासणी तुमची, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजा. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. 'आता जागा कमी, म्हणून बाळ हलत नाही' हे खोटं आहे. हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

कळा आणायचं ठरलं की आतून तपासून गर्भपिशवीचं तोंड किती मऊ झालंय ते बघतात. बोटाने पडदा सैल करतात, त्यानंतर एक-दोन दिवस ओटीपोटात दुखणं आणि थोडं रक्ताळ जाणं चालतं. तोंड कच्चं असेल तर ते मऊ करणारं औषधाचं जेल ठेवतात, गरजेनुसार सहा तासांनी परत, किंवा फुगा असलेली नळी बसवतात. पुढे पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडणं आणि कळांची ड्रिप. जेलनंतर सहा तास तरी ड्रिप लावत नाहीत, नाहीतर कळा एकावर एक येऊन बाळाचे ठोके पडतात. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा आल्या तर ड्रिप कमी किंवा बंद करतात. पहिलटकरणीला या सगळ्यात दीड दिवसही जातो. बाहेर बसलेल्या मंडळींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सहाव्या तासाला 'सीझर करून टाका' सुरू होतं. आधीचं सीझर असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. तेव्हा कळांच्या गोळ्या देत नाहीत, कारण जुना टाका उसवू शकतो.

एरंडेल पिऊ नका. त्याने कळांपेक्षा जुलाब आणि उलट्या जास्त होतात. काढे, बाहेरून आणलेल्या गोळ्या, गल्लीतलं इंजेक्शन, काहीच नको. चालावंसं वाटलं तर चाला.

पाणी गेलं तर वेळ लिहून ठेवा, पॅड लावा आणि निघा. हिरवट पाणी, लाल रक्त, डोकेदुखीसोबत डोळ्यांसमोर अंधारी यापैकी काही असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही. १०८ लावा, गरोदर बायकांसाठी १०२ ही आहे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्यांनी जुलै-ऑगस्टात घाट आणि पाऊस धरून चालावं. ४० आठवडे भरले की नाशिकात किंवा ग्रामीण रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहा. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत 'माहेरघर', म्हणजे बाळंतपणाआधी येऊन राहायची सोय असते, आशाताईंना विचारा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी आणि रक्तगटाचा कागद एकाच पिशवीत घालून ती दाराजवळ ठेवा.