पेट सिटर आहात, पण शोधात दिसत नाही? या चुका टाळा

मी कोथरूडला राहते आणि घरीच कुत्री सांभाळते. पहिल्या वर्षी पेट सिटर (मालक नसताना प्राणी सांभाळणारे) शोधायच्या अ‍ॅपवर माझं प्रोफाइल शोधायचं तर खूप खाली जावं लागायचं. दर जास्त असेल म्हणून तो कमी केला, तरी काहीच फरक पडला नाही. कारण वेगळंच होतं. नाव नोंदवताना मी बोर्डिंग (कुत्रा मुक्कामाला ठेवणं), डे केअर, वॉकिंग, मांजरांसाठी घरभेट अशा सगळ्याच सेवांवर टिक केलं होतं. करत मात्र होते फक्त बोर्डिंग. हडपसरहून रोजच्या वॉकिंगची विचारणा आली की नकार द्यायचे, कधी उत्तरच द्यायचे नाही.

अशा अ‍ॅपला कमिशन मिळतं ते बुकिंग झाल्यावर. त्यामुळे ज्यांच्याकडे आलेली विचारणा बुकिंगपर्यंत जाते, त्यांना वर दाखवण्यात अ‍ॅपचाही फायदा असतो. नकार आणि अनुत्तरित मेसेज आपल्याला खाली ढकलू शकतात. म्हणून जे खरंच करता तेवढंच ठेवा. मोठा कुत्रा जमत नसेल, तर वजनाची मर्यादा घाला.

याच कारणासाठी कॅलेंडर अद्ययावत ठेवा. मला ही सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. गणपतीला लोक कोकणात जातात, दिवाळीत आणि मे महिन्यात गावी किंवा फिरायला. आपल्या जागा ओळखीच्या लोकांकडून फोनवरच भरतात, पण अ‍ॅपवर त्या तारखा मोकळ्याच राहतात. मग ऐन हंगामात नकारांची रांग लागते. २०११ साली सिएटलमध्ये सुरू झालेलं रोव्हर हे पेट सिटिंगचं अ‍ॅप तर आपल्या सिटर्सना कॅलेंडर ताजं ठेवा आणि लवकर उत्तर द्या असं स्वतःच सांगतं. परदेशात रोव्हरवर काम करणाऱ्या मराठी मंडळींनी हे आधी तपासावं. जागा नसली तरी ‘या तारखांना जमणार नाही’ एवढं लगेच कळवा. समोरच्याचं तिकीट काढलेलं असतं, त्याला दुसरी सोय शोधायची असते.

गूगल मॅप्सचं गणित थोडं निराळं आहे. तिथे शोधाशी जुळणं, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवर क्रम ठरतो, आणि पैसे देऊन हा क्रम वर नेता येत नाही. काही जण नावातच ‘बेस्ट डॉग बोर्डिंग पुणे कोथरूड बाणेर’ असं सगळं कोंबतात. हे नियमाविरुद्ध आहे, नोंद निलंबितही होऊ शकते. पाटीवर आणि बिलावर जे नाव असतं तेच तिथेही हवं. बाकीचे शब्द वर्णनात आणि सेवांच्या यादीत लिहा, तेही ग्राहक जसे टाइप करतात तसे. तुम्ही ग्राहकांच्या घरी जाऊनच काम करत असाल, तर पत्ता लपवून सेवाक्षेत्र द्या. वीसपर्यंत भाग देता येतात, पण जिथे रोज पोहोचणं शक्य आहे तेच द्या.

स्वतःच्या फोनवर स्वतःला शोधून समाधान मानू नका. तुम्ही घरात बसून शोधता, म्हणजे अंतर जवळजवळ शून्य. ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खाजगी) मोडनेही फारसं बदलत नाही, कारण ठिकाण तेच राहतं. औंधच्या मैत्रिणीला तिच्या फोनवर शोधायला सांगा आणि स्क्रीनशॉट मागवा.

रिव्ह्यू मागायला मला फार संकोच वाटायचा. आता कुत्रा घरी पोहोचला की त्याच संध्याकाळी त्याच्या फोटोसोबत लिंक पाठवते आणि ‘काय आवडलं ते तुमच्या शब्दांत लिहा’ म्हणते. ‘फटाक्यांना घाबरणारी आमची लॅब्रॅडोर इथे शांत झोपली’ असं एक वाक्य नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देऊ नका. गूगलला ते चालत नाही. नातेवाइकांकडूनही लिहून घेऊ नका.

फोटो तुमच्याच घरातले, दिवसाउजेडी काढलेले हवेत. इंटरनेटवरून उचललेलं गोंडस पिल्लू नको. जाळी लावलेली बाल्कनी आणि झोपायची जागा दिसली की मालकाचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आणि काल दिसणारं प्रोफाइल आज अचानक गायब झालं, तर मजकूर बदलत बसू नका. आधी कॅलेंडर पूर्ण बंद झालंय का, ओळखपत्राची पडताळणी पुन्हा मागितली आहे का, घर बदलल्यावर जुनाच पत्ता राहिलाय का, हे पाहा. अ‍ॅपकडून आलेला ईमेल बरेचदा स्पॅममध्ये पडलेला असतो.