सांगलीहून मुंबई फिरायला जाताना वार बघा

मुंबईला फिरायला जायचं ठरलं की आपण आधी तारीख बघतो. माझं ऐका, वार बघा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी. पोरांना घेऊन एवढ्या लांब जायचं आणि फाटकावरून परतायचं, फार जिवावर येतं.

सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी थेट सीएसएमटीला सोडते. सामानाला कुलूप लावून आणा, म्हणजे क्लोकरूममध्ये ठेवता येतं. पहिला दिवस फोर्ट, काळा घोडा, गेटवे एवढाच ठेवा. हा सगळा भाग पायी बघण्यासारखा आहे. घारापुरीला सकाळचीच लाँच धरा. जायला तासभर लागतो, वर पायऱ्याही बऱ्याच आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळला तर लाँच बंद, तेव्हा तो बेत दिवाळीनंतरचा.

लोकलचं गणित सोपं आहे: सकाळी गर्दी सीएसएमटी-चर्चगेटकडे येते, संध्याकाळी उलटी जाते. दादर, माटुंग्याला जायचं तर सकाळीच जा. संध्याकाळी सहाला म्हाताऱ्या माणसांना घेऊन लोकलमध्ये चढू नका. त्यापेक्षा मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर निवांत बसा, आठ-साडेआठनंतर निघा.