लेडव्हिल १०० ला निघायच्या आधी

लेडव्हिल १०० या १०० मैलांच्या रेससाठी लॉटरीत नाव लागलं असेल किंवा चॅरिटीसाठी पैसे जमवून जागा मिळवली असेल, तर आधी अभिनंदन आणि आता यादी. सगळे बुटांपासून सुरुवात करतात, मी गावापासून करते. कोलोरॅडोतलं हे लेडव्हिल (लेड म्हणजे शिसं, त्यावरूनच नाव) खाणींवर जगणारं गाव, १९८२ ला क्लायमॅक्स नावाची मोठी खाण बंद पडली, हजारो लोकांचं काम गेलं, आणि पुढच्याच वर्षी केन क्लोबर नावाच्या खाणकामगाराने १०० मैलांची रेस काढली कारण एवढं लांब पळायला येणारा माणूस गावात निदान एक रात्र तरी राहील, जेवेल, चार पैसे खर्च करेल. पहिल्या वर्षी ४५ जण धावले आणि १० जणांनी पूर्ण केली. आज रेसशी जोडलेलं लेगसी फाउंडेशन गावातल्या शाळेतून पास होणाऱ्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी स्कॉलरशिप देतं. म्हणून यादीतलं पहिलं काम हे की एन्ट्री फी भरतानाच फाउंडेशनसाठी काहीतरी बाजूला काढा, आणि राहायची सोय शक्यतो गावातच करा, खोल्या खूप आधी भरतात.

दुसरं म्हणजे उंची, आणि यावर मी जास्त बोलणार. स्टार्ट लाइनच जवळपास ३१०० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि मध्ये होप पास ही खिंड ३८०० च्या वर, तोही दोनदा, कारण विनफिल्डला वळून त्याच वाटेने परत यायचं असतं. सिंहगडचे रिपीट्स (एकाच दिवसात पुन्हापुन्हा चढ-उतार) मारून मांड्या तयार होतात हो, नक्की मारा, उतरायचे पण मारा, पण हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो आणि ती सवय पुण्यात होत नाही. सुट्टी मिळत असेल तर दोन-तीन आठवडे आधी जा, पहिले काही दिवस फक्त चाला, पाणी प्या, झोप नीट लागत नाही त्याने घाबरू नका. डोकं दुखून उलट्या होत असतील किंवा तोल जात असेल तर मात्र खाली उतरायचं, तिथे हट्ट नको.

कपडे. ऑगस्ट आहे म्हणून फसू नका, पहाटे ४ ला सुटते तेव्हा कडाक्याची थंडी, दुपारी होप पासवर विजा, आणि झाडं संपल्यावर आडोसा नाही. पावसाचं जॅकेट, हातमोजे, कानटोपी अंगावरच पाहिजेत, ड्रॉप बॅगेत (वाटेतल्या स्टेशनवर आधीच पाठवून ठेवायची बॅग) नाही. ट्विन लेक्सच्या स्टेशननंतर ओढा ओलांडावा लागतो, पाय भिजतातच, येताना परत भिजतात, तेव्हा ट्विन लेक्सच्या बॅगेत कोरडे मोजे, दुसरे बूट आणि पायाला लावायला व्हॅसलीन ठेवा, मी मैत्रिणीच्या क्रूमध्ये (वाटेत धावणाऱ्याला मदत करणारी आपली माणसं) होते तेव्हा त्या एका मोज्याच्या जोडीने तिचा चेहरा बदलला होता. हेडलॅम्प दोन, बॅटऱ्या जास्तीच्या.

खाणं घरी लांब रनमध्ये करून बघितलेलंच. उंचीवर पाकिटातलं गोड एनर्जी जेल नकोसं होतं, म्हणून क्रूच्या थर्मासमध्ये मऊ भात, तूप-मीठ, थोडं लिंबाचं लोणचं, आणि खिशात शेंगदाणा चिक्की. होप पासच्या अलीकडच्या स्टेशनवर सामान लामा नावाच्या प्राण्यांच्या (उंटाच्या कुळातले) पाठीवरून येतं, तिथे जे गरम मिळेल ते घ्या.

पेसर, म्हणजे शेवटच्या टप्प्यात तुमच्या सोबत धावणारा माणूस, आत्ताच ठरवा. इथे पेसरला तुमचं पाणी-खाणं वाहायची परवानगी आहे, त्याला म्यूलिंग म्हणतात, जुन्या खाणींतल्या खेचरांवरून. परतीच्या वाटेवर रात्री पॉवरलाइन नावाचा चढ येतो, वर पोचलो असं वाटतं आणि पुढे अजून चढ, तिथे शेजारी ओळखीचा आवाज हवा.

आणि तिकीट रविवारचं काढू नका, सोमवारचं काढा. रविवारी सकाळी १० ला रेसची ३० तासांची मुदत संपते, तुमची रेस संपली असो वा अर्धवट राहिलेली असो, साडेनऊला सिक्स्थ स्ट्रीटवर येऊन उभं राहा, गावातली सगळी मंडळी शेवटच्या लोकांना ओरडून आत आणत असतात, त्यांना तुमचाही आवाज लागेल.