अमेरिकेत पगार, पुण्यात फ्लॅट: डॉलर-रुपयाचा हिशोब कसा करायचा

न्यू जर्सी किंवा बे एरियात नोकरी आणि डोक्यात बाणेर-वाकडचा टू बीएचके, असे आपले लोक भरपूर आहेत. सगळे रेट, कार्पेट एरिया, बिल्डरचं नाव बघतात, पण करन्सीचा हिशोब मात्र कोणी करत नाही.

आधी एकच ठरवा, हा पैसा शेवटी कुठे खर्च होणार? रिटायर होऊन पुण्यातच राहायचं असेल तर रुपया पडला काय, चढला काय, फारसं बिघडत नाही, कारण किराणा-औषधं रुपयातच येणार. पण फ्लॅट विकून पैसे परत अमेरिकेत न्यायचे असतील तर पुढचं नीट वाचा.

आता कागद-पेन घ्या. समजा २०१५ च्या सुरुवातीला ६३ लाखांचा फ्लॅट घेतला, डॉलर तेव्हा ६३ च्या आसपास होता, म्हणजे तुमचे गेले बरोब्बर १ लाख डॉलर. दहा वर्षांनी ९५ लाखांना विकला, रुपयात ५० टक्के फायदा, घरात पेढे! पण २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ८६ च्या घरात, म्हणजे हातात १,१०,००० डॉलर आणि थोडे वर. त्यात भारतातला कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा कर) रुपयातल्या ३२ लाखांच्या नफ्यावर लागतो, साडेबारा टक्के अधिक सेस (टॅक्सवरचा उपकर), झाले ४ लाख १६ हजार. उरले साधारण १,०५,६०० डॉलर. भाडं वेगळं धरा, पण ते किमतीच्या मानाने किती कमी असतं हे सांगायला नको. आणि हो, अमेरिकेचं आयआरएस, म्हणजे तिथलं टॅक्स खातं, हाच नफा डॉलरमध्ये, खरेदी-विक्रीच्या त्या त्या दिवसाच्या रेटने मोजतं, त्यामुळे दोन्हीकडचा सीए एकमेकांशी बोलला पाहिजे.

मग लोनचा विचार करा. माझं मत, परवडत असेल तरी सगळं कॅश देऊ नका, भारतातलं रुपयातलं होम लोन घ्या. ५० हजारांचा ईएमआय ६३ च्या रेटला ७९४ डॉलर पडतो, ८६ ला ५८१. रुपया पडला की फ्लॅटची किंमत डॉलरमध्ये घटते पण कर्जही घटतं. अर्थात भारतातले व्याजदर जास्त आहेत, तेही मोजा.

पैसे पाठवताना गुगलवरचा रेट बघून खूश होऊ नका, बँक त्याच्या खालीच देते, तर फी आणि रेट दोन्ही धरून शेवटी खात्यात किती रुपये पडले तेच बघा. अंडर-कन्स्ट्रक्शन असेल तर हप्ते दोन-तीन वर्षं चालतात, आपोआप वेगवेगळ्या रेटला पैसे जातात, ते बरंच आहे. पैसे एनआरई खात्यातून (परदेशातली कमाई ठेवायचं भारतातलं खातं) किंवा थेट बाहेरून आणा आणि प्रत्येक रेमिटन्सचा बँकेचा कागद जपून ठेवा. विकल्यावर परदेशातून आणलेली मूळ रक्कम जास्तीत जास्त दोन घरांपुरती थेट परत नेता येते, बाकीचं एनआरओ खात्यातून (भारतातली कमाई ठेवायचं एनआरआयचं खातं), वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत.

विकायच्या आधी लोअर डिडक्शन सर्टिफिकेट, म्हणजे कमी टॅक्स कापायची परवानगी देणारा इन्कम टॅक्स खात्याचा कागद, काढाच. नाहीतर घेणारा पूर्ण किमतीवर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापतो, वरच्या उदाहरणात बारा लाखांच्या वर, टॅक्स चारच लाख असताना. उरलेले रिफंड येईपर्यंत अडकतात आणि तोवर डॉलर कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं.